जॅक लेटन : विरोधी बाकांवरून कायदे घडवणारा संसदपटू

संसदीय लोकशाहीत विरोधी सदस्याच्या हाती अधिकार फारसे नसतात. खजिना सरकारकडे, विधेयकांचा क्रम सरकारकडे आणि मतांची बेरीजही बहुधा सरकारकडेच असते. तरीही काही विरोधी नेत्यांच्या कामाचा ठसा पुढे वर्षानुवर्षे कायद्याच्या पुस्तकांत दिसत राहतो. कॅनडाच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे (एनडीपी) नेते जॅक लेटन हे अशांपैकी एक होते. २००३ ते २०११ या आठ वर्षांत ते एकदाही सत्तेत नव्हते. मात्र हवामान बदल, कामगारांचे हक्क आणि सार्वजनिक आरोग्य या तीन प्रश्नांवर त्यांनी कॅनडाच्या संसदेला जे विषय घ्यायला लावले, त्यांतील बरेचसे आज त्या देशाच्या कायद्याचा भाग आहेत.

लेटन यांचे राजकीय घर म्हणजे टोरंटो. या शहरात आणि त्याच्या परिसरात गोमंतकीयांची आणि मराठी भाषकांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या कारकिर्दीतील ॲस्बेस्टॉसचा वाद तर थेट भारतातील कारखान्यांपर्यंत आणि घरांवरील सिमेंटच्या पत्र्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

जडणघडण : मॉन्ट्रियल ते टोरंटो महापालिका

लेटन यांचा जन्म १८ जुलै १९५० रोजी मॉन्ट्रियल येथे झाला. घराणे राजकारणातले. आजोबा गिल्बर्ट लेटन हे क्वेबेक प्रांताच्या मंत्रिमंडळात होते, तर वडील रॉबर्ट लेटन हे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारात मंत्री होते. अशा घरातील मुलाने समाजवादी वळणाच्या पक्षात जावे, हे त्या काळी अनेकांना विशेष वाटले. मॅकगिल विद्यापीठात तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. पुढे टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातून त्यांनी राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि काही वर्षे प्राध्यापकी केली.

१९८२ मध्ये ते टोरंटो महापालिकेवर निवडून आले. शहराच्या आरोग्य मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. एड्स हा शब्द उच्चारायलाही लोक बिचकत होते, अशा काळात शहराने या रोगाबाबत स्वतःचे धोरण आखावे, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. त्यामुळे रोगाकडे केवळ वैद्यकीय बाब म्हणून न पाहता घर, रोजगार आणि सामाजिक भेदभाव यांच्याशी जोडून पाहण्याची सवय त्यांना लागली. बेघरांच्या प्रश्नावर त्यांनी पुढे २००० मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले.

हवामानाचा प्रश्नही त्यांच्यापर्यंत महापालिकेतूनच आला. १९८८ मध्ये टोरंटो येथे बदलत्या वातावरणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. त्यानंतर काही वर्षांतच, १९९१ मध्ये, शहराने 'टोरंटो ॲटमॉस्फेरिक फंड' हा स्वतंत्र निधी उभा केला. शहराच्या मालकीची जमीन विकून आलेल्या २.३ कोटी डॉलरवर हा निधी सुरू झाला. ऊर्जेची बचत करणाऱ्या कामांना त्यातून कर्ज द्यायचे, बचतीतून परतफेड करून घ्यायची आणि तोच पैसा पुढच्या कामाला लावायचा, अशी त्याची रचना होती. या निधीच्या स्थापनेत लेटन यांचा पुढाकार होता. पर्यावरणाचे काम म्हणजे केवळ खर्च नव्हे, त्यातून रोजगारही निर्माण होतो आणि पैसाही परत येतो, ही त्यांची पुढील काळातील मांडणी या अनुभवातून आली.

१९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात १४ महिलांची हत्या झाली. त्यानंतर स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध पुरुषांनी बोलावे, यासाठी १९९१ मध्ये 'व्हाइट रिबन' मोहीम सुरू झाली. तिच्या संस्थापकांमध्येही लेटन होते. त्याच वर्षी महापौरपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, तरी ते सार्वजनिक जीवनातून बाजूला गेले नाहीत. २००१ मध्ये ते कॅनडातील महापालिकांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले आणि २५ जानेवारी २००३ रोजी एनडीपीच्या नेतेपदी निवडून आले. त्या वेळी ते खासदारही नव्हते आणि त्यांच्या पक्षाने त्याआधीच्या सार्वत्रिक निवडणुकीत जेमतेम १३ जागा मिळवल्या होत्या.

१९ खासदार आणि एक अर्थसंकल्प

जून २००४ च्या निवडणुकीत लेटन टोरंटो-डॅनफोर्थ मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्समध्ये पोहोचले. ३०८ सदस्यांच्या या कनिष्ठ सभागृहात एनडीपीला १९ जागा मिळाल्या. पंतप्रधान पॉल मार्टिन यांचे लिबरल सरकार अल्पमतात होते. छोट्या पक्षाला एरवी क्वचित मिळणारी संधी अशा सभागृहात मिळते. प्रश्न असतो तो तिचा उपयोग कशासाठी करायचा, हा.

२००५ च्या वसंत ऋतूत सरकार अडचणीत आले, तेव्हा लेटन यांनी मंत्रिपदे मागितली नाहीत. त्यांनी अर्थसंकल्पात बदल मागितले. मोठ्या कंपन्यांसाठी जाहीर झालेली करकपात पुढे ढकलावी आणि तो पैसा लोकांच्या गरजांकडे वळवावा, ही त्यांची अट होती. एप्रिलअखेर समझोता झाला आणि ४.६ अब्ज डॉलरच्या तरतुदींचे स्वतंत्र विधेयक, सी-४८, तयार झाले. त्यात परवडणाऱ्या घरांसाठी १.६ अब्ज, शिक्षण व प्रशिक्षणासाठी १.५ अब्ज, सार्वजनिक वाहतूक आणि ऊर्जाबचत यांसाठी ९० कोटी आणि परराष्ट्र साहाय्यासाठी ५० कोटी डॉलर अशी विभागणी होती. दिवाळखोरीत निघालेल्या कंपन्यांच्या कामगारांचे थकलेले पगार देण्यासाठी १० कोटी डॉलरची हमीही समझोत्यात होती.

१९ मे २००५ रोजी या विधेयकावर मतदान झाले. दोन्ही बाजूंना समान, १५२ विरुद्ध १५२, मते पडली. सभापती पीटर मिलिकेन यांनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या बाजूने टाकले आणि सरकार वाचले. १९ खासदारांच्या पक्षाने सत्तेत न जाता देशाचा अर्थसंकल्प बदलून घेतला होता.

यातील कामगारांच्या पगाराची तरतूद विशेष महत्त्वाची ठरली. कंपनी बुडाली की तिची मालमत्ता विकून आलेला पैसा आधी तारण असलेल्या धनकोंकडे जातो आणि कामगारांच्या वाट्याला अनेकदा काहीच उरत नाही. वेतन संरक्षण कार्यक्रमाचा कायदा त्याच वर्षी संसदेत आला आणि जुलै २००८ पासून प्रत्यक्ष अमलात आला. ठरावीक मर्यादेपर्यंतचे थकीत वेतन सरकारने कामगाराला द्यावे आणि पुढे दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेतून वसूल करावे, असे त्याचे स्वरूप आहे.

आरोग्यसेवा : ज्या प्रश्नावर पाठिंबा काढला

कॅनडात रुग्णालय आणि डॉक्टर यांचा खर्च सार्वजनिक विम्यातून होतो. ही पद्धत प्रथम १९६२ मध्ये सस्कॅचवान प्रांतात सुरू झाली. तिचे शिल्पकार टॉमी डग्लस हे पुढे एनडीपीचे पहिले राष्ट्रीय नेते होते. १९६६ मध्ये केंद्राने कायदा केला आणि ही व्यवस्था देशभर पसरली. १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्याने रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्यावर बंधने आणली. त्यामुळे एनडीपीच्या दृष्टीने सार्वजनिक आरोग्यसेवा हा पक्षाच्या ओळखीचा प्रश्न आहे.

जून २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेकमधील एका खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. सार्वजनिक व्यवस्थेत उपचारांसाठी फार काळ थांबावे लागत असताना त्याच सेवांसाठी खासगी विमा घेण्यावर त्या प्रांताने घातलेली बंदी न्यायालयाने अवैध ठरवली. या निर्णयामुळे नफ्यासाठी चालणाऱ्या आरोग्यसेवेला मोठे दार उघडेल, अशी भीती लेटन यांना वाटत होती. सार्वजनिक पैसा अशा सेवांकडे वळू नये, यासाठी ठोस उपाय करावेत, अशी मागणी त्यांनी पंतप्रधानांकडे केली. सरकारचे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही आणि नोव्हेंबरमध्ये एनडीपीने पाठिंबा काढून घेतला. २८ नोव्हेंबर २००५ रोजी १७१ विरुद्ध १३३ मतांनी सरकार पडले. त्यामागे लिबरल पक्षाशी संबंधित प्रायोजकत्व घोटाळ्याचीही पार्श्वभूमी होती.

जानेवारी २००६ च्या निवडणुकीत स्टीफन हार्पर यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आले. एनडीपीच्या जागा २९ झाल्या. पण हवामान आणि कामगार या दोन्ही प्रश्नांवर नवे सरकार आधीच्या सरकारपेक्षा लेटन यांच्यापासून अधिक दूर होते. या निर्णयाची किंमत काय पडली, हा वाद त्यांच्या टीकाकारांनी पुढे कायम जिवंत ठेवला.

हवामान विधेयक : कनिष्ठ सभागृहात दोनदा विजय, सिनेटमध्ये अंत

कॅनडाने २००२ मध्ये क्योटो कराराला मान्यता दिली होती. १९९० च्या तुलनेत २००८ ते २०१२ या काळात हरितगृह वायूंचे उत्सर्जन ६ टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन देशाने स्वीकारले होते. प्रत्यक्षात उत्सर्जन वाढतच होते. ऑक्टोबर २००६ मध्ये हार्पर सरकारने स्वच्छ हवा विधेयक, सी-३०, मांडले. नजीकच्या काळात हरितगृह वायूंवर ठोस मर्यादा घालणारे त्यात काही नाही, अशी विरोधकांची तक्रार होती.

येथे लेटन यांनी संसदीय कार्यपद्धतीचा कुशल उपयोग केला. विधेयक सरळ फेटाळून लावणे विरोधकांना शक्य होते. त्याऐवजी ते दुसऱ्या वाचनाआधीच विशेष समितीकडे पाठवावे, असे त्यांनी पंतप्रधानांना भेटून सुचवले. दुसऱ्या वाचनात विधेयकाचे तत्त्व मान्य होते आणि त्यानंतर समितीला फारसे बदल करता येत नाहीत. त्याआधी गेले तर समिती ते मुळापासून बदलू शकते. सरकारने हे मान्य केले. समितीत विरोधकांचे बहुमत होते आणि मार्च २००७ च्या अखेरीस तिने विधेयक जवळजवळ नव्याने लिहून परत केले. सरकारने मात्र ते पुन्हा सभागृहापुढे आणलेच नाही आणि पुढे सत्रसमाप्तीबरोबर ते संपले.

याच सुमारास, ३१ ऑक्टोबर २००६ रोजी, लेटन यांनी स्वतःचे खासगी विधेयकही मांडले होते. सी-३७७ या क्रमांकाच्या 'हवामान बदल उत्तरदायित्व' विधेयकाचा गाभा थोडक्यात असा होता : १९९० च्या तुलनेत उत्सर्जन २०२० पर्यंत २५ टक्के आणि २०५० पर्यंत ८० टक्के कमी करायचे, दर पाच वर्षांसाठी मधली उद्दिष्टे ठरवायची आणि सरकारच्या दाव्यांची पडताळणी स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायची. त्यातील 'उत्तरदायित्व' हा शब्द महत्त्वाचा होता. सरकारे आकडे जाहीर करतात, मुदत संपेपर्यंत ती सरकारे बदललेली असतात आणि जबाब कोणालाच द्यावा लागत नाही. या पळवाटेला कायद्याने बांध घालणे, हा विधेयकाचा हेतू होता.

४ जून २००८ रोजी ते हाउस ऑफ कॉमन्सने १४८ विरुद्ध ११६ मतांनी संमत केले. ब्रिटनचा बहुचर्चित हवामान बदल कायदा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाला. म्हणजे लेटन यांचा विचार काळाच्या मागे नव्हता. पण सिनेटमध्ये पुढे सरकण्याआधीच सप्टेंबरमध्ये संसद विसर्जित झाली आणि विधेयक रद्द झाले.

२००९ मध्ये एनडीपीचे खासदार ब्रूस हायर यांनी तेच विधेयक सी-३११ या क्रमांकाने पुन्हा मांडले. ५ मे २०१० रोजी कनिष्ठ सभागृहाने त्याला दुसऱ्यांदा मान्यता दिली. यानंतर जे घडले, ते कॅनडाच्या संसदीय इतिहासात वारंवार सांगितले जाते. सिनेटचे सदस्य निवडून येत नाहीत. पंतप्रधानांच्या शिफारशीने नेमणूक झाली की ते वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत पदावर राहतात. १६ नोव्हेंबर २०१० रोजी या सभागृहाने ते विधेयक समितीकडे न पाठवता ४३ विरुद्ध ३२ मतांनी फेटाळले. निवडून आलेल्या सभागृहाने संमत केलेल्या विधेयकाची साधी छाननीही झाली नाही. सिनेटच रद्द करावे, ही एनडीपीची जुनी मागणी या घटनेनंतर अधिक तीव्र झाली.

भारतीय वाचकाला यात एक फरक जाणवेल. लोकसभेत खासगी विधेयकांसाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते आणि गोवा विधानसभेतही खासगी कामकाज शुक्रवारीच होते. स्वातंत्र्यानंतर भारतीय संसदेने जेमतेम १४ खासगी विधेयके संमत केली आणि त्यांपैकी शेवटचे १९७० मध्ये. कॅनडात अधिवेशनाच्या प्रत्येक दिवशी एक तास खासगी कामकाजाला मिळतो, सदस्यांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो आणि क्रमात आलेल्या विधेयकावर बहुधा मतदान होतेच. सी-३७७ सभागृहात संमत होण्यामागे लेटन यांच्या चिकाटीइतकाच या व्यवस्थेचाही वाटा होता.

रोजगार विमा आणि टपाल कामगार

२००८ च्या आर्थिक संकटात कॅनडातील कारखान्यांवर मोठा आघात झाला. वर्षानुवर्षे काम केलेल्या आणि कधीही विम्याचा लाभ न घेतलेल्या कामगारांना नोकरी गेल्यावर ठरावीक आठवड्यांतच रोजगार विमा संपल्याचे कळवले जात होते. २००९ च्या शरद ऋतूत लिबरल पक्षाने हार्पर सरकार पाडण्याची तयारी केली, तेव्हा लेटन यांनी सरकारला जीवदान दिले. त्याच्या मोबदल्यात दीर्घकाळ नोकरी केलेल्या कामगारांचा विमा ५ ते २० आठवड्यांनी वाढवणारे विधेयक संमत झाले. ज्या पंतप्रधानांवर ते रोज टीका करत, त्यांचेच सरकार वाचवल्याबद्दल त्यांची थट्टाही झाली. पण कामगाराच्या घरी पोहोचणारा धनादेश त्यांना या थट्टेपेक्षा महत्त्वाचा वाटला.

कामगारांच्या बाजूने त्यांचा सर्वांत मोठा संसदीय लढा जून २०११ मध्ये झाला. कॅनडा पोस्टच्या कामगारांनी ३ जूनपासून शहराशहरांत आळीपाळीने संप सुरू केला होता. १४ जूनच्या रात्री व्यवस्थापनाने टाळेबंदी जाहीर केली. त्यानंतर सरकारने कामगारांना कामावर परत आणणारे विधेयक, सी-६, मांडले. त्यात लिहिलेली पगारवाढ व्यवस्थापनाने वाटाघाटींत देऊ केलेल्या वाढीपेक्षाही कमी होती. म्हणजे टाळेबंदी मालकाची आणि शिक्षा कामगाराला, असा एनडीपीचा आक्षेप होता.

लेटन तेव्हा अधिकृत विरोधी पक्षनेते झाले होते. त्यांच्या खासदारांनी एकामागून एक भाषणे करून विधेयक तब्बल ५८ तास रोखून धरले. बैठक तहकूब न झाल्याने सभागृहाच्या नोंदीत तारीख २३ जूनच राहिली. क्वेबेकचा राष्ट्रीय सण २४ जूनला असतो, पण तेथून नव्याने निवडून आलेले तरुण खासदार सभागृहातच बसून राहिले. शेवटी २५ जूनच्या रात्री सरकारने बहुमताच्या जोरावर विधेयक संमत करून घेतले. संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २०१६ मध्ये ओंटारिओच्या उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. एकत्र येऊन वाटाघाटी करण्याचा आणि संप करण्याचा कामगारांचा हक्क त्याने डावलला, असा निष्कर्ष निघाला. तो ऐकायला लेटन हयात नव्हते.

ॲस्बेस्टॉस : क्वेबेकची खाण आणि भारताचे पत्रे

कामगारांचे हक्क आणि आरोग्य हे दोन विषय जेथे एकत्र येतात, असा प्रश्न म्हणजे ॲस्बेस्टॉस. हे तंतुमय खनिज आगीला दाद देत नाही आणि स्वस्त असते. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले की ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसांचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग होऊ शकतो. रोग दिसू लागेपर्यंत कित्येकदा २० ते ४० वर्षे जातात. त्यामुळे कामगार आजारी पडतो, तेव्हा कारखाना बंद झालेला असतो किंवा मालक बदललेला असतो.

कॅनडा स्वतःच्या इमारतींमधून ॲस्बेस्टॉस काढून टाकत होता, पण क्वेबेकच्या खाणींतील माल परदेशी पाठवत होता. भारत हा त्याच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक होता. येथे त्यापासून मुख्यतः छपरांचे सिमेंटचे पत्रे बनत. घातक रसायनांच्या व्यापाराविषयीच्या रॉटरडॅम करारात क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसची नोंद झाली असती, तर निर्यातदाराला आयात करणाऱ्या देशाला धोक्याची पूर्वसूचना देऊन त्याची संमती घ्यावी लागली असती. कॅनडाने या नोंदीला वर्षानुवर्षे विरोध केला. जून २०११ च्या जिनिव्हा परिषदेत भारताने नोंदीला पाठिंबा दिला, तरी कॅनडाचा विरोध कायम राहिला. पुढे २०१३ मध्ये भारतानेही आपली भूमिका बदलली, हेही येथे नोंदवायला हवे.

या निर्यातीविरुद्ध कॅनडाच्या संसदेत सर्वांत सातत्याने आवाज उठवला तो एनडीपीचे खासदार पॅट मार्टिन यांनी. तरुणपणी त्यांनी स्वतः ॲस्बेस्टॉसच्या खाणीत काम केले होते. पक्षाने निर्यातबंदीची बाजू घेतली. मे २०११ मध्ये एनडीपीला बहुसंख्य जागा क्वेबेकमधून मिळाल्या होत्या. खाणी त्याच प्रांतात होत्या, त्यामुळे ही भूमिका सोपी नव्हती. २०१२ मध्ये क्वेबेकच्या नव्या सरकारने खाण पुन्हा सुरू करण्यासाठी मंजूर झालेले कर्ज रद्द केले आणि केंद्रानेही रॉटरडॅम करारातील विरोध सोडला. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस कॅनडात ॲस्बेस्टॉसवर बंदी लागू झाली. 'ॲस्बेस्टॉस' याच नावाच्या खाणगावाने २०२० मध्ये आपले नावही बदलले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात, आरोग्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपण्याचे आदेश दिले. तरी आयात केलेल्या क्रायसोटाइलपासून पत्रे बनवणे येथे थांबलेले नाही. पाठवणाऱ्या देशाने दार लावून घेतले, तरी घेणाऱ्या देशातील प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

नारिंगी लाट आणि अखेर

५ फेब्रुवारी २०१० रोजी लेटन यांनी आपल्याला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे जाहीर केले. वडिलांनाही हाच आजार झाला होता आणि ते त्यातून बरे झाले होते. मार्च २०११ मध्ये नितंबाच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच महिन्यात हार्पर सरकार संसदेच्या अवमानाच्या ठरावावर पडले. लेटन हातात काठी घेऊन प्रचाराला निघाले. २ मे २०११ रोजी एनडीपीने १०३ जागा जिंकल्या. क्वेबेकमध्ये आधीच्या निवडणुकीत एकच जागा होती, तेथे ७५ पैकी ५९ मिळाल्या. पक्षाच्या रंगावरून या यशाला 'नारिंगी लाट' हे नाव पडले. एनडीपी प्रथमच अधिकृत विरोधी पक्ष झाला, पण हार्पर यांना १६६ जागांचे स्पष्ट बहुमत मिळाले.

२५ जुलै रोजी नव्या कर्करोगामुळे ते तात्पुरते बाजूला झाले आणि २२ ऑगस्ट २०११ रोजी टोरंटोत त्यांचे निधन झाले. मृत्यूच्या दोन दिवस आधी त्यांनी देशवासीयांना उद्देशून पत्र लिहिले. कर्करोगाशी झुंजणाऱ्यांनी माझ्या मृत्यूने धीर सोडू नये, असे त्यात त्यांनी सांगितले आणि रागापेक्षा प्रेमाला व भयापेक्षा आशेला वरचे स्थान दिले. विरोधी पक्षनेत्याला सहसा न मिळणारा राजकीय इतमामातील अंत्यविधीचा मान हार्पर सरकारने त्यांना दिला. टोरंटोच्या महापालिका चौकातील फरशी आणि भिंती लोकांनी खडूने लिहिलेल्या निरोपांनी भरून गेल्या. त्यांच्या पत्नी ऑलिव्हिया चाऊ याही खासदार होत्या. २०२३ मध्ये त्या टोरंटोच्या महापौर झाल्या.

टीका आणि मूल्यमापन

लेटन यांच्यावरील गंभीर आक्षेप २००५ च्या निर्णयाविषयी आहे. त्यांनी लिबरल सरकार पाडले नसते, तर क्योटोची अंमलबजावणी आणि आदिवासी समाजासाठी झालेला केलोना समझोता टिकला असता, असे लिबरल पक्षाचे म्हणणे आहे. निवडणूक काही महिन्यांत होणारच होती, हे एनडीपीचे उत्तर. डिसेंबर २०११ मध्ये कॅनडाने क्योटो करारातून माघार घेण्याचे जाहीर केले, तेव्हा हा आरोप पुन्हा पुढे आला. दुसरा आक्षेप २००८ चा. लिबरल नेते स्टेफान दिऑन यांच्या कार्बन कराच्या योजनेला लेटन यांनी विरोध केला आणि उद्योगांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालून परवान्यांचा व्यापार करण्याची पद्धत सुचवली. इंधनाचा बोजा सामान्य कुटुंबांवर पडू नये, हे त्यांचे कारण होते. पर्यावरणाच्या क्षेत्रातील काहींना ते निवडणुकीच्या हिशोबाचे वाटले.

असे असले, तरी त्यांनी पेरलेले पुढे उगवले. जून २०२१ मध्ये कॅनडाने निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या उत्तरदायित्वाचा कायदा केला. टप्प्याटप्प्याची उद्दिष्टे आणि सरकारवर जबाब देण्याचे बंधन ही सी-३७७ ची कल्पनाच त्यात आहे. मार्च २०२२ मध्ये लेटन यांच्याच मार्गाने एनडीपीचे तत्कालीन नेते जगमीत सिंग यांनी अल्पमतातील जस्टिन ट्रुडो सरकारला मंत्रिपदांशिवाय पाठिंबा दिला. त्यातून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी दंत आरोग्य योजना, संपकऱ्यांच्या जागी बदली कामगार घेण्यावर बंदी घालणारा कायदा आणि काही औषधे सार्वजनिक खर्चाने देण्याची तरतूद करणारा ऑक्टोबर २०२४ चा औषध कायदा आला. हवामान, कामगार आणि आरोग्य या तिन्ही आघाड्यांवर पक्षाने काही ना काही पदरात पाडून घेतले.

मतदारांनी मात्र त्याचे श्रेय दिले नाही. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत एनडीपीला ७ जागा मिळाल्या. सभागृहात अधिकृत पक्षाच्या मान्यतेसाठी १२ लागतात. सिंग स्वतःही पराभूत झाले. विरोधी बाकांवरून कायदा घडवणाऱ्याला हा धोका पत्करावाच लागतो. कायदा संमत झाला की तो सरकारचा होतो आणि पुढे त्यावर सरकारचेच नाव राहते. दिवाळखोर कंपनीतील कामगाराला थकलेला पगार आजही मिळतो. १९ मे २००५ च्या समसमान मतदानाशी त्याचा काय संबंध आहे, हे मात्र त्या कामगाराला बहुधा ठाऊक नसते.